मोरपंखीची दुरुस्ती

२ फेब्रुवारी, रविवार

मिलला सुट्टी होती म्हणून सर्व्हरचं काम आज उरकलं. सुट्टीच्या दिवशी पलसाण्याला मिलवर जायला मला आवडत नाही. बॉयलर बंद असला की मिल कुणीतरी सोडून गेल्यासारखी वाटते. पण चालू मिलमध्ये डेटाबेसला हात लावायची परवानगी किरीटभाई देणार नव्हते. ते आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. त्यांच्या मते कॉम्प्युटर बंद म्हणजे मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणजे हर्षदाबेन, म्हणजे मी, जबाबदार.

घरी आल्यावर आबांनी विचारलं, दिवसभर काय केलंस. त्यांना जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवते, कारण मला स्वतःलाच ते आवडलं. मिलची सगळी माहिती, म्हणजे कुठल्या पार्टीचं, व्यापाऱ्याचं कापड, कुठला लॉट कुठल्या मशीनवर, कुठल्या रंगात कुठली पावडर किती, ही एका लिनक्स मशीनवरच्या डेटाबेसमध्ये राहते. तो डेटाबेस इतका जुना झाला होता की बनवणाऱ्यांनीच त्याच्याकडे बघणं सोडलं होतं. मी त्याच मशीनवर नवा बसवला, जुन्यातलं सगळं नव्यात आणलं, आणि काही बिघडलं तर मागे फिरता यावं म्हणून जुनाही चालूच ठेवला. घर एकच, दारं दोन. मिलमधल्या कॉम्प्युटरांना मी नव्या दाराचा नंबर दिला.

आबांचं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलं, त्यांना अर्धंमुर्धं ऐकू येतं. ते मायला म्हणाले, "मनी पोरनी आज सगळी मिल एक घरमाईन दुसरा घरमा नेयी." मी दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटत होतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहासुद्धा झाला नव्हता आणि फोन सुरू. गोडाऊनचे कॉम्प्युटर आत शिरेनात, फोल्डिंग खात्याचे शिरेनात. किरीटभाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.  

लॉग वाचला तेव्हा कळलं. नवा डेटाबेस पासवर्ड तपासायची नवी पद्धत वापरतो, आणि या जुन्या कॉम्प्युटरांमधल्या जोडणीच्या फायलींना ती पद्धतच माहीत नाही. नव्याला सांगितलं की बाबा, जुन्या पद्धतीनं तपास. पासवर्ड पुन्हा घातले. आणि एकेक खातं आत येत गेलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे सुरळीत.

मजा म्हणजे मिलमधला सगळ्यांत जुना कॉम्प्युटर शेड लॅबचा, जिथे रंगांचे नमुने जुळवतात तिथला, आणि त्यानंच एकदाही कुरकुर केली नाही. तिथल्या आनंदा काकांना मी फोन करून विचारलं, काही अडलंय का. ते म्हणाले, माझं तर परवा होतं तसंच चालू आहे. मी किरीटभाईंना मुद्दाम सांगितलं, बघा, लॅबला तर कळलंही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शेठनी ऑफिसात सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. म्हणाले, बाहेरची कंपनी आठ दिवस मिल बंद ठेवा म्हणत होती, आपल्या बेननं एका रविवारात केलं. किरीटभाईंनी टाळ्या वाजवल्या. मला घाम आला, पण चांगला घाम.

आनंदा काका वर आले होते, हातात कापडाचा नमुना घेऊन. ते हिंगोलीकडचे, लॅबमध्ये पहिल्यापासून आहेत. मी नवीन होते तेव्हा त्यांनीच मला मिल फिरवून दाखवली होती. रंग बघायचा तर खिडकीशी न्यायचा, ट्यूबलाइटखाली सगळेच रंग खोटं बोलतात, असं ते म्हणाले होते. आज त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि विचारलं, खाली मशीनवर रंगाच्या मापांची जी स्लिप निघते ती लगेच निघते ना, की उशीर होतो? मी म्हटलं, आता तर आधीपेक्षा लवकर निघते. ते "बरं, बरं" म्हणाले आणि त्यांनी नमुना खिडकीशी नेऊन बघितला. मग गेले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वाईट दिवस. माझा नव्हे, आनंदा काकांचा.

साड्यांच्या मोठ्या पार्टीचा मोरपंखी लॉट चुकीचा निघाला. हवा होता त्याहून निळा. पार्टीचा माणूस मिलमध्ये आलेला होता, त्यानं कापड बघितलं आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. असा बिघडलेला माल शेवटी काळ्यात घालतात. काळा रंग सगळं झाकतो.

किरीटभाईंनी काकांना बोलावलं. काका म्हणाले, नमुना निळा येतोय हे मला आधीच दिसलं होतं, मी रेसिपीत निळा कमी केला आणि कॉम्प्युटरवर दुरुस्ती टाकली. किरीटभाई म्हणाले, खाली स्लिप तर जुनीच निघाली. मग दोघंही माझ्याकडे आले.

मी डेटाबेसमध्ये बघितलं. मोरपंखीची रेसिपी जुनीच होती, दुरुस्तीची नोंद नव्हती. पुन्हा बघितलं. नव्हती. मी तसं सांगितलं.

काका म्हणाले, "माझ्या कॉम्प्युटरवर दिसते, बेटा. खाली येऊन एकदा बघता का?"

मला हे नीट लिहायला हवं, म्हणजे मी कसं समजावलं ते लक्षात राहील. मी म्हटलं, काका, आपण टाइप केलेलं आपल्या स्क्रीनवर दिसतंच; पण सेव्ह केल्याशिवाय ते सर्व्हरपर्यंत पोचत नाही. सर्व्हरवर नाही म्हणजे नोंद झालेली नाही. किरीटभाईंना हे लगेच पटलं. काका माझ्या स्क्रीनकडे चष्मा वर-खाली करून बघत राहिले. मग म्हणाले, "मग ऱ्हायली असंल."

मला त्यांची कीव आली. घरी येताना, मिलच्या लोकांना ने-आण करणाऱ्या इको गाडीत, ते माझ्या पुढच्या सीटवर बसले होते. मी मनात म्हटलं, पन्नाशी उलटल्यावर माणसाचं असं होतंच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच झालं. या वेळी गाजरी. पुन्हा काका म्हणाले दुरुस्ती टाकली होती, पुन्हा सर्व्हरवर काही नाही. या वेळी त्यांनी मला खाली बोलावलं नाही. किरीटभाईंनी मला विचारलं, सर्व्हर अर्धवट नोंद घेतो असं कधी होतं का? मी ठामपणे म्हटलं, नाही. घेतो तर पूर्ण घेतो, नाहीतर घेतच नाही. हे खरं आहे. आत्ता लिहितानाही खरंच आहे.

किरीटभाईंनी काकांना सगळ्यांसमोर विचारलं, पुन्हा सुरू केलीस का? काका खूप वर्षांपूर्वी पीत असत असं मी ऐकलं होतं. काका नाही म्हणाले. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते स्वतःच्या तळहाताकडे बघत होते.

दुपारी त्यांना सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका. किरीटभाईंनी माझ्यासमोरच पार्टीला फोन करून कळवलं, ज्याच्यामुळे झालं त्याला काढला.

माय वाढताना म्हणाली, "काय व्हयनं व तुले?" मी सांगितलं, ऑफिसमधल्या एकांना काढलं. आबांनी विचारलं, त्यांची चूक होती का. मी हो म्हटलं. आबांना नीट ऐकू आलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. मला पुन्हा मोठ्यानं हो म्हणावं लागलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काकांच्या जागी विकास आला आहे. रंगशास्त्राचा डिप्लोमा, बोलतो चटपटीत, अर्धं गुजराती अर्धं हिंदी. त्यानं येताच लॅबच्या खिडकीला जाड पडदा लावून घेतला, प्रकाश एकसारखा राहावा म्हणून. बरोबरच असेल.

सर्व्हरची डिस्क मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त भरते आहे. जुना डेटाबेस आता काढून टाकायला हरकत नाही. सोमवारी काढीन.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कुठून सुरुवात करू.

सकाळी विकासचा व्हॉट्सॲप आला. त्यानं त्याच्या स्क्रीनचा फोटो पाठवला होता. एका रंगाची दुरुस्ती, आणि खाली हिरव्या अक्षरांत 'नोंद जतन झाली'. सोबत निरोप, की खाली स्लिप जुनीच निघतेय, मशीन थांबवलंय, जरा येऊन बघा. मी लगेच उठून खाली गेले.

लगेच गेले. हे माझ्या दुपारी जेवताना लक्षात आलं, तोवर नाही.

विकासनं माझ्यासमोर नोंद केली, सेव्ह केली, बंद करून पुन्हा उघडली. नोंद होती. मी वर माझ्या कॉम्प्युटरवर बघितलं. नव्हती.  जुना डेटाबेस काढून टाकायची कमांड मी सकाळीच टर्मिनलवर टाइप करून ठेवली होती, नुसतं एंटर दाबायचं बाकी होतं. ती पुसली आणि त्याऐवजी विचारलं, की जुन्या दारानं आत्ता कोण आत आहे? उत्तरात एकच पत्ता आला. लॅबचा.

लॅबचा प्रोग्राम रंग मोजायच्या यंत्राबरोबर वेगळ्या कंपनीकडून आला होता. बाकी सगळे कॉम्प्युटर सर्व्हरचा पत्ता एका सामायिक फाईलमधून घेतात, आणि ती मी बदलली होती. लॅबचा पत्ता त्याच्या स्वतःच्या पोटात लिहिलेला आहे. त्याला मी काही सांगितलंच नव्हतं. म्हणून त्या सोमवारी त्यानं कुरकुर केली नाही. तो नव्या घरात आलाच नव्हता. लॅबमधून लिहिलेलं सगळं जुन्यात जात होतं आणि खाली मशीनवर स्लिप नव्यातून निघत होती.

जुना उघडला. मोरपंखी: निळा कमी केलेला, लॉट मशीनवर चढायच्या आदल्या दिवशी, नाव आनंदा. गाजरी: तसंच. आणि अधेमधे कितीतरी बारीक दुरुस्त्या, ज्या खाली कधी पोचल्याच नाहीत, आणि नशिबानं त्यातून काही बिघडलं नाही. एकही विसरलेली नव्हती. ते एकदाही विसरले नव्हते.

विकासला मी सांगितलं, नेटवर्कचा काहीतरी घोळ आहे, बघते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जुन्यातल्या सगळ्या नोंदी नव्यात आणल्या. लॅबच्या प्रोग्रामला नवा पत्ता दिला. जुना डेटाबेस बंद केला, पण पुसला नाही. काम इतकं सोपं होतं की पुढ्यातला चहा थंडसुद्धा झाला नाही.

आणलेल्या नोंदींवर मूळ तारीख आणि नाव तसंच ठेवलं. म्हणजे आता मोरपंखीची रेसिपी उघडली तर आनंदा काकांची दुरुस्ती तिथे दिसते, जणू कायमच तिथे होती. कुणी उघडून बघत नाही. मी सकाळपासून पुन्हा पुन्हा उघडून बघितली.

आता पुढे काही चुकणार नाही. काम दुरुस्त झालंय. मी स्वतःला हेच सांगतेय की जे करायला हवं होतं ते केलं, आणि पुढचं वाक्य मनात येऊ देत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मंगळवारपासून सगळे रंग बरोबर निघाले. किरीटभाई म्हणाले, माणूस बदलला आणि बघा. विकास त्यावर हसला. मी तिथेच होते, फाईल हातात घेऊन.

मग मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. सांगितलं, सगळं. आवाज फाटत होता. चूक माझी होती, आनंदा काकांनी दोन्ही नोंदी केल्या होत्या, माझ्याकडे त्या आहेत, दाखवते. मला वाटलं होतं ते ओरडतील. मी ओरडा खायला तयार होऊन गेले होते. खरं सांगायचं तर मला तो हवाच होता.

किरीटभाईंनी पाणी पुढे केलं. म्हणाले, नवीन काम होतं, होतं असं. पार्टीला आपण सांगून बसलोय की माणूस काढला. आता कॉम्प्युटर चुकला म्हटलं तर ते म्हणतील उद्या पुन्हा चुकेल. आनंदाचंही वय होत आलं होतं. विकासचं काम चांगलं आहे. तू चांगली मुलगी आहेस म्हणून मनाला लावून घेतेस.

"जवा दे ने, बेन, जाऊ दे," ते म्हणाले. "माणसाची चूक पार्टीला सांगता येते. कॉम्प्युटरची नाही सांगता येत."

मी बाहेर आले आणि जेवायला बसले. अख्खा डबा संपवला. कालपर्यंत घास उतरत नव्हता. मायनं मेथीची भाजी दिली होती, ती मला चवदार लागली. ही गोष्ट मी कुणाला सांगू शकत नाही, म्हणून इथे लिहिते: मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्याच डब्याचं झाकण लावताना स्वतःची किळस आली.

२ मार्च, रविवार

कोसाडला गेले. काकांचं घर शोधायला वेळ लागला, सगळ्या इमारती एकसारख्या, सगळ्या जिन्यांत सायकली. आबांना सांगितलं होतं मैत्रिणीकडे जाते. त्यांनी मला बस स्टॉपपर्यंत सोडलं, आणि निघताना म्हणाले, "जे सांगानं से ते सांगी टाक." मी चमकले. त्यांना काय माहीत? पण ते बहुतेक मैत्रिणीबद्दलच बोलत असतील, लग्नाचा वगैरे काही विषय त्यांच्या डोक्यात असेल.

दार लीलाकाकूंनी उघडलं. मी मिलमधून आले म्हटल्यावर त्यांनी आत घेतलं, पण चेहरा बंद. काका खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून उठायला लागले, मी बसा म्हटलं.

मी बोलायच्या आधी तेच बोलू लागले. माझी माफी मागू लागले. म्हणाले, माझ्यामुळे तुमच्या नव्या कामाला बट्टा लागला, तुम्ही इतक्या मेहनतीनं केलं होतं. म्हणाले, मला अगदी आठवतंय मी सेव्ह केलं, बटण दाबल्याचंसुद्धा आठवतंय. आठवतंय पण केलेलं नाही, हीच तर भीती आहे. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी जेवल्याचं विसरायची, शेवटी यांना विसरली. आता ते दाराची कडी लावली का हे लीलाकाकूंना विचारतात. गॅस विचारतात. डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळ काढायला लावलं. ते बरोबर निघालं. डॉक्टर म्हणतात काही नाही.

"पण कॉम्प्युटर कशाला खोटं बोलंल?" काका म्हणाले.

मी सांगितलं. दोन दारांची गोष्ट पुन्हा सांगावी लागली, आबांना सांगितली होती तीच, पण या वेळी तिचा शेवट वेगळा होता.  मी थांबले तेव्हा काकांनी विचारलं, "म्हंजे मी केली होती?"

"केली होती, काका."

"मोरपंखीची?"

"मोरपंखीची. गाजरीचीही. सेव्हसुद्धा केली होती. सगळ्याच केल्या होत्या."

त्यांनी आत हाक मारली. "लीला, बाहेर ये. ह्यांनी काय सांगितलं ते ऐक." आणि मला म्हणाले, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. काका माझ्याकडे नाही, काकूंकडे बघत होते. लहान मुलाचा निकाल वाचून दाखवतात तेव्हा मूल जसं घरच्यांकडे बघतं, तसं.

काकू पदराला हात पुसत उभ्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"तुम्हाला कवा कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. जीभ तिथपर्यंत गेली होती. मी म्हटलं, सोमवारी.

"ह्या सोमवारी?"

"हो."

काकूंनी हातातला पदर सोडला. मग अगदी हळू म्हणाल्या, "गुरुवारी ह्यांच्या डोक्याचा फोटो काढाया नेलं व्हतं. मशीनमधी घालताना हात सोडंनात माझा."

 काका म्हणाले, जाऊ दे, लीला. काकू आत गेल्या. मी उठले. जिन्यापर्यंत काका आले आणि मला विचारलं, ती मोरपंखीची नोंद अजून आहे का? पुसली नाही ना? मी म्हटलं, आहे.

येताना बसमध्ये मी ठरवत होते की आता हलकं वाटायला हवं. सोमवार ते रविवार. मी या दिवसांत केस धुतले, डबा खाल्ला, एक सिनेमा अर्धा बघितला.

३ मार्च, सोमवार

शेठना मेल केला. किरीटभाईंना विचारलं नाही, पण प्रत त्यांनाही पाठवली. काय झालं, कुणामुळे झालं, माझ्याकडे काय पुरावा आहे. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा 'तांत्रिक कारणामुळे' असा शब्द आला होता. तो काढला आणि 'मी' लिहिलं. वाक्य फार लहान झालं.

सोबत दोन्ही नोंदींची छायाचित्रं जोडली. आणि हेही लिहिलं की काकांनी मला खाली येऊन बघायला सांगितलं होतं आणि मी गेले नाही. हे लिहिणं सगळ्यांत कठीण गेलं, कारण ते कुणीच विचारलेलं नव्हतं.

संध्याकाळी घरी सांगितलं. मायला नोकरी जाईल का याची काळजी.  आबा म्हणाले, जेवून घे. मी त्यांच्या डाव्या कानाशी, ज्यानं बरं ऐकू येतं, जाऊन म्हटलं की आबा, त्या दिवशी मी हो म्हटलं होतं ते चुकीचं होतं, त्या माणसाची चूक नव्हती. त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं की नाही, मला समजलं नाही.

१० मार्च, सोमवार

शेठनी आज बोलावलं. मला वाटलं काढतील. तसं काही झालं नाही. ते म्हणाले, तू गेलीस तर हा सर्व्हर बघणार कोण. किरीटभाई शेजारी बसले होते, खिडकीबाहेर बघत. ते माझ्याशी बोलत नाहीत, कामापुरतं विकासच्या हाती निरोप पाठवतात.

आनंदा काकांना परत बोलावलं आहे. पार्टीला काहीही कळवायचं नाही, या अटीवर. विकास आता दुसऱ्या पाळीला. मी म्हटलं, मिलमध्ये सगळ्यांना तरी सांगा की त्यांची चूक नव्हती. शेठ म्हणाले, परत घेतलं म्हणजे कळेलच लोकांना. मी ज्या खोलीत टाळ्या घेतल्या होत्या त्याच खोलीत बसले होते, आणि ती नोकरी माझ्याकडे राहिली ती मी खरं बोलले म्हणून नव्हे, कमांडा मला येतात म्हणून. काकांना येणारं काम विकासलाही येत होतं, एवढाच फरक.

शेवटी खाली फोल्डिंगपासून बॉयलरपर्यंत प्रत्येक खात्यात जाऊन मीच सांगितलं. काही जण ऐकून म्हणाले, अच्छा. काहींना मधल्या काळात ते गेले होते हेच माहीत नव्हतं. बॉयलरवरचे निंबा म्हणाले, आम्ही तर समजलो पुन्हा प्यायला लागला. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आम्ही गाडीतून येताना त्याच्या घरी विचारायलाही गेलो नाही.

२१ मार्च, शुक्रवार

काका कामावर येतात. दाढी केलेली, पडदा काढून टाकलेला. माझ्याशी नीट बोलतात, पण आता बेटा म्हणत नाहीत, हर्षदाबेन म्हणतात. लीलाकाकूंना मी होळीला फोन केला होता. त्यांनी उचलला, बरे आहोत म्हणाल्या, आणि ठेवला.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. काका आल्यापासून डेटाबेसमध्ये प्रत्येक दुरुस्ती दोनदा पडते. तोच रंग, तेच आकडे, तेच नाव, मध्ये एखाद्या मिनिटाचं अंतर. आधी मला वाटलं पुन्हा माझाच काही घोळ झाला, म्हणून सगळे लॉग वाचून काढले. घोळ नाही. ते सेव्ह करतात, बंद करतात, आणि मग केलं की नाही अशी शंका येऊन पुन्हा करतात.

याचा इलाज सोपा आहे. डेटाबेसला एक नियम घातला की तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर तो ती नाकारेल. विकासच्या लक्षात आलं, त्यानं सुचवलंही. मी नियम लिहून तयार ठेवला आणि लावताना थांबले. नाकारली की लॅबच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत येतं, 'चूक: नोंद झाली नाही'. तो प्रोग्राम दुसरं काही बोलूच शकत नाही.

म्हणून निघण्याआधी मी रोज त्या जादा नोंदी हातानं काढते. पहिली ठेवते. एकेक करून, नाव आणि वेळ वाचून, पहिलीला धक्का लागणार नाही असं बघून. आज केशरी रंगाची दुरुस्ती चारदा होती. तीन काढल्या. इको गाडी खाली हॉर्न वाजवत होती, आणि काका आत बसलेले होते.